टेकडी गावठाणाला मागावी का?

मोहफूल: नागपूर जिल्ह्यातल्या काटोल तालुक्यात आमच्या अन् शेजारच्या गावाच्या मधात एक टेकडी आहे. रेकॉर्डवर झुडपी जंगल, म्हणजे झाडी-झुडपाची पडीक जमीन. येत्या ग्रामसभेत ती गावठाण विस्तारासाठी मागायचा ठराव येणार. माझा विरोध आहे. शिवार आमचं असलं तरी पलीकडची जनावरंही तिथंच चरतात. त्यांना विचारलं का कोणी?

संत्रावाला: भाऊ, जनावरं उरली किती? एकेका घरात तीन भावांचे संसार. घरकुल मंजूर होते अन् जागा नाही म्हणून अडते. बोरी-बाभळी अन् तरोट्याला जंगल म्हणायचं का?

मोहफूल: बैल गेले, बकऱ्या वाढल्या. अन् बकऱ्या भूमिहीनांच्या. ते ग्रामसभेत मागं बसतात, बोलत नाहीत.

जुना सातबारा: ठरावानं काही होत नाही बाप्पा. 22 मे 2025 ला सुप्रीम कोर्टानं झुडपी जंगल हे वनच ठरवलं. नागपूरसकट पूर्व विदर्भातले सहा जिल्हे आले त्यात. 12 डिसेंबर 1996 च्या आधी सक्षम अधिकाऱ्यानं जी जमीन दिली, तिला केंद्राच्या मंजुरीनं दिलासा. अतिक्रमण काढायचं आहे.

संत्रावाला: हेच तर दुखणं! जुन्या मालगुजारीपासून, म्हणजे जमीनदारीच्या काळापासून, ही निस्ताराची जमीन. चराई, सरपण, सगळं गावाचं. नागपुरात झुडपीवर सरकारी इमारती झाल्या, त्या जुन्या म्हणून वाचतात. आमची पोरं उशिरा जन्मली हा त्यांचा गुन्हा काय?

विहीरवाली: काका, मुद्दा बरोबर, जागा चुकीची. आपल्याकडं खाली काळा दगड, वर मुरूम. टेकडीवरचं पाणी त्या मुरमातून झिरपून उतारावरच्या विहिरींना लागते. उत्तरेकडून रातोरात जेसीबी लावून खरवडली, तिथं आता पिवळी भिंत उभी आहे. पाऊस पडला की गढूळ लोंढा सरळ नाल्यात. त्या अंगाच्या विहिरी होळीच्या आधीच तळ दाखवतात. तुमच्या संत्र्याचा आंबिया बहार कशावर धरता?

संत्रावाला: ताई, मी घरं मागतो, खदान नाही. रस्त्याकडची पायथ्याची पट्टी द्या, तिथं आताही उकिरडेच आहेत. वरच्या सीताफळांना हात नको.

मोहफूल: उकिरडा, मग टीनाचं शेड, मग पक्कं घर. हे पाहिलेलं आहे सगळं.

जुना सातबारा: ती पट्टी टेकडीच्याच गटात आहे का, ते आधी पटवाऱ्याकडून काढा. वेगळी निघाली तर अर्धं भांडण तिथंच मिटते.

संत्रावाला: उद्याच जातो. पण मोहफूल भाऊ, पलीकडच्यांना विचारा म्हणता, त्यांनी वरून नाला अडवला तेव्हा आपल्याला विचारलं होतं का, तेही लिहा ना!