गोखले रोडवर आणखी एक कॉफीची साखळी: नौपाड्यात बसायला जागा कोणाला उरणार?

मासुंदाकाठ

ठाण्यात गोखले रोडवरचं आमचं नेहमीचं उपाहारगृह गेल्या महिन्यात बंद झालं. आत सुतारकाम सुरू आहे. कामगारांना विचारलं तर म्हणाले, कॉफीचं दुकान येतंय, मोठ्या कंपनीचं. स्टेशनकडून निघून राम मारुती रोडच्या टोकापर्यंत चालत गेलं, तर हे काही पहिलं नाही आणि शेवटचंही नसणार.

कॉफीशी माझं भांडण नाही. आमच्या घरी कॉफी जायफळ लावूनच होते आणि मला ती चहापेक्षा जास्त आवडते. प्रश्न बसण्याचा आहे. माझे बाबा दर गुरुवारी मराठी ग्रंथसंग्रहालयात (१८९३ सालची आपली संस्था) पुस्तक बदलायचे आणि येताना त्या उपाहारगृहात तास-दीड तास बसायचे. साबुदाणा वडा आणि कपबशीतून कॉफी. बाबांना डायबेटिस निघाला, तेव्हा गल्ल्यावरच्या काकांना कोणी काही सांगितलं नव्हतं. औषधाच्या दुकानातली पिशवी त्यांनी पाहिली असावी. पुढच्या गुरुवारी कॉफी आली ती बशीत चमचा न ठेवता. चमचा नाही म्हणजे साखर नाही, ढवळायचं काही नाही. बाबा गेल्यावर मी एकदा तिथे गेले, तर माझ्याही बशीत चमचा नव्हता. मला साखर लागते, पण मी तशीच प्यायले.

आता त्याच जागेत एक कप अडीचशे-तीनशेला मिळेल. पेन्शनवरचा माणूस आठवड्यातून एकदाही तिथे जाणार नाही. गडकरी रंगायतनला नाटकाआधी अर्धा तास काढायचा असेल तर चौघांचं कुटुंब हजार रुपये मोडणार नाही. मध्यवर्ती रस्त्यावरचा तळमजला फक्त कंपन्यांना परवडायला लागला, की गावात नुसतं टेकायचीसुद्धा किंमत वाढते, एवढंच माझं म्हणणं.

हे आत्ताच लिहायचं कारण म्हणजे आमची बिल्डिंग पुनर्विकासाला चालली आहे. खाली आज तीन छोटे गाळे आहेत: शिंपी, पिठाची गिरणी आणि एक रिकामा. नव्या नकाशात तिघांचं मिळून एक मोठं ‘शोरूम’ दाखवलंय. सभेत मी विरोध करणार आहे. तुमची मतं हवी आहेत, विरोधातलीही.

सीए_फायनल

ताई, तुमच्या बाबांचं वाचून वाईट वाटलं. पण असहमत आहे, आणि का ते स्पष्ट लिहिते.

मी कळव्याला राहते. वन रूम किचनमध्ये पाच माणसं, टीव्ही संध्याकाळी सात ते अकरा. अभ्यासिकेत जागा मिळाली तर मिळाली, नाहीतर नाही. दोन वर्षं मी ठाण्यातल्या अशाच एका कॉफीच्या दुकानात अभ्यास केला. सगळ्यात स्वस्त कॉफी घ्यायची आणि चार तास बसायचं. कोणी ‘अजून काय आणू?’ म्हणून डोक्यावर उभं राहिलं नाही.

तुमच्या उपाहारगृहात मी एकटी बसू शकले असते का? मी प्रयत्न केलाय. तिथे नाही, पण तशाच दोन ठिकाणी. संध्याकाळी गर्दीच्या वेळी ‘फॅमिली आहे का बरोबर?’ असं विचारून कोपऱ्यातल्या टेबलावर पाठवतात, आणि डोसा संपला की बिल समोर येतं. दुसरी गोष्ट कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते. स्टेशन परिसरात बाईला स्वच्छ बाथरूम कुठे आहे? तीनशे रुपयांत मला खुर्ची, प्लग, पंख्याखालची जागा आणि कडी लागणारं बाथरूम मिळत होतं. ते महाग होतं, तरी मला दुसरीकडे कुठेही मिळालं नाही.

घणसोलीकर

इराण्याची हॉटेलं आली तेव्हा ती बाहेरचीच होती. उडुपी आले, तेव्हा खानावळवाल्यांनी हेच म्हटलं असणार. दर पिढीचं आपलं एक हॉटेल असतं आणि ते बंद झालं की वाईट वाटतं. त्यावर धोरण ठरवता येत नाही.

आणि साखळी म्हणजे फक्त इंग्रजी नावाची दुकानं धरू नका. आमच्याकडे सेक्टरा-सेक्टरात अमृततुल्यच्या फ्रँचायझी झाल्यात, त्याही साखळ्याच. त्यांच्या चहाला कोणाचा विरोध दिसत नाही.

तिसऱ्या पिढीचा गाळा

मी गाळामालक आहे. नौपाड्यातच, धाग्यातला गाळा नव्हे. तीन वर्षांपूर्वी मीही एका कॉफी कंपनीला जागा दिली. लोकांना वाटतं आम्ही हावरटपणाने देतो. भाडं जास्त मिळतं हे खरंच, पण पहिलं कारण ते नाही.

१९७३ साली भाडेकायद्यात दुरुस्ती झाली. १ फेब्रुवारी १९७३ ला जो लायसन्सवर (म्हणजे ठरावीक मुदतीपुरत्या वापराच्या करारावर) जागेत बसलेला होता, तो कायद्याने भाडेकरू झाला. माझ्या आजोबांनी अकरा महिन्यांसाठी म्हणून एका ओळखीच्या माणसाला गाळा दिला होता. तो गाळा आमच्याकडे परत यायला माझं लग्न होऊन मुलगा शाळेत जायला लागला होता. तोवर भाडं किती मिळत होतं ते लिहायला लाज वाटते. आमच्या घरात ही गोष्ट जेवताना सांगितली जाते.

पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या तिसऱ्या कलमात बँका, सरकारी उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा झालेलं भागभांडवल असलेल्या प्रायव्हेट-पब्लिक लिमिटेड कंपन्या यांना भाडेकरू म्हणून संरक्षण नाही. त्यांच्याकडून बाजारभावाने भाडं घेता येतं आणि मुदत संपली की जागा मागता येते. मग मी कोणाला देणार? भला माणूस आहे म्हणून वडेवाल्याला, की लेटरहेडवर करार करणाऱ्या कंपनीला? तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत, ते प्रामाणिकपणे सांगा.

मासुंदाकाठ

@तिसऱ्या पिढीचा गाळा, दादा, हे मला माहीत नव्हतं. तुमच्या आजोबांवर अन्यायच झाला, त्यात दुमत नाही. पण १९७३ च्या दुरुस्तीने त्या तारखेला जागेत असलेल्यांना संरक्षण दिलं. आज नोंदणी करून लिव्ह अँड लायसन्सवर दिलेल्या जागेत वडेवाला भाडेकरू होत नाही. मग पन्नास वर्षांपूर्वीच्या भीतीची किंमत आजच्या छोट्या माणसाने का मोजायची?

@घणसोलीकर, इराणी आणि उडुपी बाहेरून आले, खरं आहे. पण त्यांनी टेबलावरचा दर वाढवला नाही, उतरवला. चहा-ब्रूनमस्का घेऊन गिरणीतला माणूसही इराण्याकडे बसू शकायचा. फरक मला तिथे दिसतो. आणि अमृततुल्यवाल्यांबद्दल तुमचं बरोबर आहे, तिथेही बसायला बाकडं नसतंच. उभ्याने प्यायचा आणि निघायचं.

@सीए_फायनल, तुझ्या बाथरूमच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या उपाहारगृहातलं मीही कधी वापरलं नाही.

तिसऱ्या पिढीचा गाळा

ताई, कायदा तुम्ही म्हणता तसा आहे. पण जागा सोडली नाही तर पुढे काय? राहत्या घराचं लायसन्स संपलं आणि माणूस निघाला नाही, तर त्याच १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, तिथे लवकर निकाल लागतो. ती सोय फक्त राहत्या जागेसाठी आहे. दुकान असेल तर कोर्ट, आणि तारखा. माझी भीती १९७३ ची नाही, त्या तारखांची आहे.

जमाखर्च

मी हॉटेलवाल्यांचे हिशोब लिहितो, छोट्यांचे आणि एका साखळीच्या फ्रँचायझीचेही. एक बाजू राहून गेली आहे.

साखळ्या अजिंक्य आहेत असं समजू नका. कॅफे कॉफी डे १९९६ साली बंगळूरच्या ब्रिगेड रोडवर सुरू झालं. २०१९ च्या सुमारास देशभरात त्यांची १७०० च्या वर दुकानं होती. पुढच्या चार-पाच वर्षांत ती पाचशेच्या खाली आली. कर्ज हे कारण होतंच, पण भाडंही या धंद्याचं दुखणं आहे. नोव्हेंबर २०१७ पासून साध्या रेस्टॉरंटला बिलावर ५ टक्के जीएसटी लावायचा, पण खरेदीवरच्या कराचं क्रेडिट घ्यायचं नाही, असा नियम आहे. म्हणजे भाड्यावर जो १८ टक्के जीएसटी भरला तो वळता होत नाही, सरळ खर्चात जातो. एका कपाच्या किमतीत दुधा-कॉफीपेक्षा जागेचा वाटा मोठा असू शकतो, तो असा.

म्हणून कंपनी निघून जाते तेव्हा पटकन जाते. पण मागे भाड्याचा आकडा ठेवून जाते. शेजारचा गाळेवाला तोच आकडा धरून बसतो, आणि गाळा रिकामा राहिला तरी खाली येत नाही. राम मारुती रोडवर रिकामे गाळे बघितले असतील, त्यातल्या काहींची गोष्ट हीच आहे.

काउंटरमागे

दोन वर्षं अशाच एका दुकानात काम केलंय, नाव घेत नाही. दिव्याहून यायचो. बारावीनंतर दुसरं काही मिळत नव्हतं. पीएफ होता, ईएसआयसीचं (कामगार विम्याचं) कार्ड होतं. आई आजारी पडली तेव्हा त्या कार्डावरच उपचार झाले. त्याआधी ज्या हॉटेलात होतो तिथे पगार हातात मिळायचा आणि तोही शेठच्या मर्जीने. कॉफी पिकते त्या चिकमगळूर आणि कूर्गची नावं मला पहिल्यांदा दुकानाच्या ट्रेनिंगमध्ये कळली. दूध किती तापलं ते भांड्याला तळहात लावून ओळखायला शिकलो. साठ-पासष्ट अंशांपुढे गेलं की दुधाचा गोडवा जातो.

दुसरी बाजूही सांगतो. नऊ तास उभं राहायचं. क्लोजिंग असलं की मशीन धुऊन निघेपर्यंत शेवटची गाडी गेलेली असायची. मग प्लॅटफॉर्मवर पहाटेपर्यंत.

आणि ताई, एक राहिलं. तुमच्या बाबांसारखे एक आजोबा आमच्याकडे यायचे. एक कॉफी दोन कपांत मागायचे, एक स्वतःला, एक समोर ठेवायला. मॅनेजरला कधी कळू दिलं नाही. माणसं दोन्हीकडे असतात.

भट्टीवाला

नमस्कार. माझं उपाहारगृह होतं, नौपाड्यातच. धाग्यातलं ते नव्हे. माझं आधीच बंद झालं, आमची बिल्डिंग पाडली तेव्हा.

सगळे भाड्यावर बोलताय. भाड्याशी मी कसाही झगडलो असतो. सकाळी सहाला भट्टी पेटवून रात्री दहाला विझवणारा माणूस भाडं काढतो. मला नव्या बिल्डिंगमध्ये गाळा देऊ केला होता, माझ्या जुन्या जागेपेक्षा चांगला. घेता आला नाही, कारण त्यात धूर बाहेर काढायला वाट नव्हती.

तळणीच्या स्वयंपाकाला चिमणी लागते आणि तिची डक्ट, म्हणजे धूर नेणारा पाइप, गच्चीच्या वरपर्यंत न्यावी लागते. मध्येच सोडली तर दुसऱ्या मजल्यावरचे तक्रार करतात, आणि त्यांचं चुकत नाही. त्यांच्या पडद्यांना तेलाचा वास बसतो. नकाशातच डक्टची जागा नसली तर बिल्डिंग उभी राहिल्यावर ती काढता येत नाही. दर्शनी भिंतीवरून पत्र्याचा पाइप न्यायला सोसायटी हो म्हणत नाही.

कॉफीच्या दुकानाला हे काहीच नको. सगळं विजेवर. सँडविच, केक बाहेरच्या किचनमधून तयार येतात, इथे फक्त गरम होतात. धूर नाही, तळणीचं तेल नाही, सिलिंडर नाही. सोसायटीची कमिटी हसून सही करते. नव्या इमारतींच्या खाली कॉफी, औषधं, चष्मे आणि मोबाइल एवढंच का दिसतं, त्याचं अर्ध्याहून जास्त उत्तर त्या डक्टमध्ये आहे.

सीए_फायनल

काका, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. माझं मत तरी बदललेलं नाही, मला ती कॉफीची दुकानं हवीच आहेत. पण शोरूमऐवजी छोटे गाळे झाले तर त्यात एक कॉफीचं आणि एक काकांचं, असं का होऊ नये? आणि बाथरूम, ताई. तीन गाळ्यांना मिळून एक तरी बाईमाणसाचं बाथरूम नकाशात मागा. नाहीतर छोट्या दुकानांची बाजू घेऊन मी भांडणार नाही.

घणसोलीकर

पुनर्विकासात बिल्डर शोरूमच दाखवणार. मोठा गाळा एका गिऱ्हाइकाला विकून मोकळं होता येतं. तीन छोटे म्हणजे तीन गिऱ्हाइकं, तीन करार. त्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याचा हिशोब तसाच आहे. सभासदांना तेवढे पैसे कमी चालणार आहेत का, हे सभेत आधी विचारा. माझा अंदाज, नाही चालणार.

मासुंदाकाठ

विचारणार आहे. उगीच भावनेने मत मागणार नाही. तीन छोट्या गाळ्यांची किंमत आणि एका शोरूमची किंमत यात प्रत्येक घरामागे किती फरक पडतो, ते लेखी मागते. @जमाखर्च, आकडे आले की तुम्ही बघून द्याल का?

@भट्टीवाला, काका, डक्ट किती मोठी लागते? आर्किटेक्ट येत्या रविवारी येणार आहेत. नकाशा अजून महापालिकेत गेलेला नाही.

भट्टीवाला

डक्टसाठी दोन बाय दोन फुटांची शाफ्ट (वरपर्यंत उभी पोकळी) सोडली तर माझ्यासारख्याचं भागतं. जिन्याच्या मागच्या बाजूला, खिडक्यांपासून लांब. तिसऱ्या मजल्यावर साफ करायला दार ठेवायला सांगा, तेल साचतं. नेमकं माप तुमच्या आर्किटेक्टकडून पक्कं करून घ्या. आणि मोरीचं पाणी वेगळ्या पाइपने काढा, ग्रीस ट्रॅप (तेल अडवणारी पेटी) लावून. हे दोन्ही आत्ता नकाशात घेतलं तर खर्च थोडा आहे.

रविवारी किती वाजता? मी येतो. कागदावर कुठे ते दाखवायला सोपं जाईल.

मासुंदाकाठ

सकाळी साडेदहा. खालीच, गिरणीसमोर.