मदत हवी आहे: गच्चीवरचे टोमॅटो लिंबाएवढेच राहतात, बुडाशी काळे पडतात

पुण्यात गच्चीवर चार झाडं आहेत. बी बाजारातल्या टोमॅटोचं, ऑक्टोबरात पेरलेलं. १० इंची कुंड्या, अर्धी माती, अर्धं शेणखत, आठवड्याला चमचाभर युरिया. ऊन सकाळी ७ ते १. पाणी एक दिवसाआड, पण भरपूर. झाडं पाच फूट, पानं गडद हिरवी. फळं लिंबाएवढी, चव पाणचट आणि बुडाला चामड्यासारखा काळा डाग. कोणती फवारणी करू?

प्रतिसाद १
फवारणी नको. डाग देठाच्या विरुद्ध टोकाला, कोरडा आणि खोलगट असेल, तर तो रोग नव्हे. फळाच्या टोकाला कॅल्शियम कमी पडतंय. कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं. १० इंची कुंडी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सुकते आणि तिथेच पुरवठा तुटतो. त्यात युरियाने पानं माजलीत. आलेलं पाणी आधी तीच ओढतात. युरिया आजच बंद करा. रोज सकाळी बोट दोन इंच मातीत घाला, कोरडं लागलं की खालून निथळेपर्यंत पाणी. वर दोन इंच पालापाचोळा पसरा. अंड्याची टरफलं कुजायला महिने लागतात, या हंगामात त्यांचा भरवसा नको. डागाळलेली फळं बरी होत नाहीत, तोडून टाका.

प्रश्नकर्ता
आता मोठ्या कुंडीत हलवू का? झाडं फुलात आहेत.

प्रतिसाद १
फुलात असताना मुळं दुखावली की फूल गळतं. या खेपेला राहू द्या. पुढच्या वेळी एका झाडाला १५ ते १८ इंची, निदान २० लिटरची कुंडी घ्या. रोप लावताना खालची पानं काढून खोड दोनतृतीयांश मातीत गाडा. गाडलेल्या खोडालाही मुळं फुटतात.

प्रतिसाद २
आकाराबद्दल: बाजारातले टोमॅटो बहुतेक संकरित असतात, त्यांच्या बियांतून तसंच झाड येईल याची खात्री नाही. वाण ठरवून बी घ्या. बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचं ‘अर्का रक्षक’ साधारण ९० ते १०० ग्रॅमचं फळ देतं आणि पानं आकसणाऱ्या विषाणूलाही तोंड देतं. ‘पुसा रूबी’ची फळं लहान, चपटी, पण आंबटगोड, रश्श्याला मला तीच आवडतात.

उंच वाढणाऱ्या झाडाच्या बगलफुटी, म्हणजे पान आणि खोडाच्या बेचक्यातले कोंब, बोटभर होण्याआधीच खुडा, एक-दोन खोडंच ठेवा. घडात तीन-चार फळं राहू द्या, टोकाची बारीक काढा. जीव तुटतो, पण फळ मोठं हवं तर हे करावंच लागतं. फुलं आल्यावर युरियाऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश, लिटरला २ ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा मुळाशी.

प्रतिसाद ३
पाणचटपणा अति पाण्याने आणि कमी उन्हाने येतो. तुमचं सहा तास ऊन किमान आहे, आठ मिळालं तर उत्तम. फळाला रंग चढू लागला की पाणी थोडं कमी करा, पण माती पार सुकवू नका. सुकलेल्या कुंडीत एकदम पाणी ओतलं की साल तडकते. बुडाशी गुलाबी झाक आली की तोडून घरात पिकवलं तरी चालतं. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, थंडीने वास आणि चव दोन्ही जातात.