चौघे पुन्हा एकत्र

स्टुडिओतलं रेकॉर्डिंग इतकं निर्दोष असताना पिंक फ्लॉइड हा ब्रिटिश रॉक बँड लाइव्ह कशाला ऐकायचा, असं एकाने विचारलंय. माझं उत्तर एकच: २ जुलै २००५, लंडनचं हाइड पार्क, 'लाइव्ह ८' ही गरिबीविरोधी मैफल.

१९८१ नंतर बँडचे चौघे, वॉटर्स, गिल्मर, मेसन आणि राइट, पहिल्यांदाच एका मंचावर आले होते. मधल्या काळात वॉटर्स भांडून बँडमधून बाहेर पडला होता, ती कटुता होतीच. बँडचा सुरुवातीचा गायक सिड बॅरेट, त्याची आठवण काढताना वॉटर्सचा आवाज ऐका. असा आवाज कुठल्याही अल्बममध्ये सापडत नाही. शेवटी 'कम्फर्टेबली नम' या गाण्याचा गिटार सोलो. गिल्मर एकेक सूर असा ताणतो की तो रडतोय असं वाटतं. मग वॉटर्सने हाताने खूण करून बोलावलं, गिल्मर क्षणभर रेंगाळला आणि चौघांनी एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकले.

मी हे फक्त चित्रफितीवर पाहिलंय, तरी दर वेळी डोळे भरून येतात. (निर्दोष रेकॉर्डिंग मीही रोज ऐकतो, ते वेगळं सुख.) २००८ मध्ये राइट गेला. चौघांचं एकत्र वादन तेच शेवटचं ठरलं.