1774 हे भारतीय कोळसा उद्योगाचे जन्मवर्ष मानावे का?

दप्तरी (धागाकर्ता)
भारतातील कोळसा उत्खनन 1774 मध्ये राणीगंज क्षेत्रात जॉन समनर आणि सुटोनियस ग्रँट हीटली यांनी सुरू केले, हे वाक्य सरकारी प्रकाशनांतून सतत भेटते. हे वर्ष उद्योगाचे जन्मवर्ष म्हणून सांगणे मला इतिहासाला धरून वाटत नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या या दोघा नोकरांनी वॉरन हेस्टिंग्जच्या सरकारकडून परवाना मिळवला, दामोदर नदीच्या परिसरात खाणी उघडल्या आणि 1775 मध्ये सुमारे 2,500 मण कोळसा कोलकात्याला पोहोचवला. परंतु सरकारी तपासणीत तो विलायती कोळशापेक्षा फारच हलका ठरला आणि थोड्याच काळात उपक्रम बंद पडला. विल्यम जोन्सने राणीगंजला नव्याने खाण काढली ती 1815 च्या सुमारास. ज्या कामाचा पुढच्या कामाशी भांडवलाचा, मजुरांचा किंवा बाजारपेठेचा कसलाच संबंध उरला नाही, त्याला पाया कसे म्हणायचे?

भूस्तर
असहमत. जमिनीलगतच्या थराचा वरचा कोळसा हवापाण्याने झिजलेला असतो, त्यामुळे तो कमी उष्णता देतो. सुरुवातीच्या उथळ खोदाईतला असा माल जहाजाने आलेल्या निवडक विलायती कोळशाशेजारी ठेवून जोखला, तर निकाल दुसरा काय लागणार? त्याच क्षेत्रातली राणीगंजची खाण 1836 मध्ये द्वारकानाथ ठाकुरांच्या कार-टागोर कंपनीने 70,000 रुपयांना विकत घेतली, आणि तिथल्या कोळशावर पुढे आगबोटी आणि आगगाड्या चालल्या. म्हणजे हीटलीची जागेची पारख अचूक होती. घाईने केलेल्या एका तपासणीचा निर्णय आपण आजही प्रमाण मानावा, हे मला पटत नाही.

दप्तरी
कोळसा उत्तम निघाला असता, तरी तो घेणार कोण होते? वॅटचे इंजिन इंग्लंडमध्येच 1776 मध्ये प्रथम व्यवसायात उतरले आणि कोलकात्यात ‘डायना’ ही आगबोट पाण्यात उतरली ती 1823 मध्ये. लोहारांना आणि वीटभट्ट्यांना लाकूड मिळत होते. विलायती कोळसा जहाजांचा तोल राखण्यासाठी तळाशी भरून येत असल्याने त्याचा वाहतूक खर्चही फारसा पडत नसे. दामोदरमधून भरलेल्या नावा जात त्या पावसाळ्यात, पूर असेपर्यंत. एरवी माल काठावरच पडून राही. ही अडचण सुटली 1855 मध्ये, हावड्याहून राणीगंजला रेल्वे पोहोचली तेव्हा. एकच वर्ष निवडायचे असेल, तर मी 1855 निवडेन.

वर्धाकाठ
खाण अल्पायुषी होती, एवढ्यावरून तिला इतिहासातून वगळू नये, असे मला चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याकडे पाहून वाटते. तिथली सरकारी खाण 1870 च्या दशकात सुरू झाली आणि 1906 मध्ये बंद पडली. तरी तिच्यासाठी वर्ध्याहून आलेला लोहमार्ग पुढे बल्लारपूरपर्यंत वाढला आणि वर्धा खोऱ्यातले उत्खनन चालूच राहिले. हीटलीच्या खाणीमागे असे काहीच उरले नाही, म्हणून 1774 बाबत मी धागाकर्त्याच्या बाजूचा आहे. मात्र 1855 मान्य नाही. रेल्वे येण्याआधीच राणीगंजचा कोळसा नदीमार्गे कोलकात्याच्या आगबोटींना पुरवला जात होता, आणि 1843 मध्ये बेंगाल कोल कंपनीही स्थापन झाली होती. पुरात नावा हाकणाऱ्या आणि खाणीत उतरणाऱ्या माणसांचे ते कष्ट उद्योगाच्या इतिहासाबाहेर ठेवणे अन्यायाचे होईल.

भूस्तर
‘काहीच उरले नाही’ यालाच माझा आक्षेप आहे. दामोदरच्या परिसरात कोळसा आहे, ही माहिती हीटलीच्या अर्जामुळे आणि त्या तपासणीमुळे सरकारी दप्तरात राहिली. जोन्सने खाण काढली ती याच क्षेत्रात, आणि त्यासाठी त्याला सरकारकडून आगाऊ रक्कमही मिळाली. उद्योगाचा पाया घालताना भांडवल आणि बाजार यांच्याइतकेच साठ्याच्या जागेचे ज्ञानही मोलाचे असते; ते 1774 चे आहे, आणि म्हणून ते वर्ष मी सोडणार नाही.