मदत हवी आहे: तुरुंगातून आलेल्या बहिणीला आधार द्यायचाय, पहारा नाही

नमस्कार. माझी धाकटी बहीण एकोणीस महिन्यांची शिक्षा भोगून तीन आठवड्यांपूर्वी सुटली. हेरॉइनचं व्यसन, त्यापायी चोऱ्या, त्यापायी तुरुंग. आत असताना नशा सुटली. आता ती माझ्याकडे आहे आणि तिची सात वर्षांची मुलगीही. एवढ्या दिवसांत पोर मला आई म्हणायला लागलीय. बहिणीदेखत तशी हाक आली की बहीण हातातलं काम टाकून दुसऱ्या खोलीत जाते.

पहिल्या रात्री ती खोलीच्या बंद दाराशी नुसती उभी होती. कुणीतरी दार उघडेल याची वाट बघत. अजूनही अंघोळीला जाताना विचारते, "ताई, जाऊ?"

एक गोष्ट मला माहीत नव्हती, म्हणून मुद्दाम लिहिते. काही महिने नशा बंद राहिली की शरीराची सवय मोडते. मग पूर्वीइतकंच घेतलं तरी श्वास बंद पडू शकतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या कैद्यांवरचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका इतरांच्या बारापटीहून जास्त निघाला. म्हणून मी नाकात मारायचा नॅलोक्सोनचा फवारा (हेरॉइन जास्त झालं तर थांबू लागलेला श्वास परत सुरू करणारं औषध) घरात आणून ठेवला आणि तिलाही दाखवला. ती रडायला लागली. "म्हणजे तू धरूनच चाललीयेस, मी परत घेणार." मला उत्तर सुचलं नाही.

माझं अडतंय ते इथेच. तिला यायला जरा उशीर झाला की मी आधी तिच्या डोळ्यांत बघते, बाहुल्या बारीक झाल्यात का. तिला ते कळतं. पर्स कपाटात कुलपात ठेवते, याची मलाच लाज वाटते.

ज्याने तिला पहिल्यांदा नशा दिली, तो जोडीदार अजून फोन करतो. ती उचलत नाही, पण नंबर ब्लॉकही करत नाही. तो मारायचा, हे मला आत्ता कळलं, तेही तिने घरी सांगितलं नाही. व्यसनमुक्तीच्या स्त्री-पुरुषांच्या एकत्र गटात दोनदा गेली, चकार शब्द बोलली नाही. फक्त बायकांच्या गटात पहिल्याच दिवशी अर्धा तास बोलली म्हणे. संयुक्त राष्ट्रांच्या २०१० च्या बँकॉक नियमांत, म्हणजे स्त्री-कैद्यांबद्दलच्या नियमांत, बायकांसाठी वेगळे, सोसलेल्या अत्याचारांची जाण ठेवणारे व्यसनमुक्ती उपचार हवेत असं का म्हटलंय, ते मला त्या दिवशी उमगलं.

तुमच्यापैकी कुणी स्वतः यातून गेलं असेल, किंवा घरचं कुणी, तर सांगा. पैशांचे व्यवहार तिच्या हातात कधी आणि कसे दिलेत? त्या फोनबद्दल मी बोलू की गटातल्या बायकांवर सोपवू? मुलीला खरं किती सांगायचं, आणि ते मी सांगायचं की तिनेच?

"तिला घराबाहेर काढ" हा सल्ला बऱ्याच जणांनी देऊन झालाय. तो कृपया नको.