घरच्या डॉप्लर मशीनवर पोटातल्या बाळाचे ठोके सापडले नाहीत. आता ते ठेवू की परत करू?

झोपमोड:
सतरावा आठवडा चालू आहे. मागच्या खेपेला दहाव्या आठवड्यात सोनोग्राफीला गेले आणि ठोके नव्हते. ना पोटात दुखलं होतं, ना रक्त गेलं होतं. म्हणून या वेळी नणंदेचं डॉप्लर मागून आणलं. देताना तिने बजावलं होतं, "रोज लावत बसू नकोस हं." मी दिवसातून चार वेळा लावते.

काल रात्री अकराला लावलं. बेंबीखाली, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. नुसती खरखर आणि मधूनच वारा सुटल्यासारखा आवाज. पंचवीस मिनिटं गेली. नवरा म्हणाला, "ठेव आता", तर त्याच्यावरच खेकसले. शेवटी स्क्रीनवर 92 आला आणि मला घाम फुटला, कारण बाळाचे ठोके 110 ते 160 असतात एवढं पाठ झालं होतं. दवाखान्यात फोन केला, त्यांनी लगेच बोलावलं. सिस्टरने त्यांचं डॉप्लर मी शोधत होते त्याच्या बरंच खाली, अगदी ओटीपोटाच्या हाडाजवळ टेकवलं. दोन मिनिटांत 148. ते 92 माझेच होते म्हणे.

घरी येऊन मशीन कपाटात ठेवलं आणि सकाळी सहाला पुन्हा काढलं. आता सांगा, ठेवू की परत करू? ठेवायचं तर किती वेळा लावायचं? ओरडू नका प्लीज, काल रात्री पुरेसं झालंय.

लेबररूमवाली:
ओरडत नाही गं. प्रसूती कक्षात सोळा वर्षं काढली आहेत, तुझ्यासारख्या रात्री अकराला येणाऱ्या खूप पाहिल्या. आलीस ते उत्तम केलंस.

आधी आवाजाचं सांगते. वाऱ्यासारखा सूं-सूं आवाज बहुतेक वेळा वारेतून (प्लॅसेंटातून) किंवा तुझ्याच रक्तवाहिन्यांतून येतो. पुढच्या वेळी कुणी डॉप्लर लावलं की स्वतःच्या मनगटाची नाडी धरून बघ. त्या आवाजाची लय नाडीशी जुळली, तर ती तुझीच. बाळाचे ठोके घोडा दौडल्यासारखे टपटप आणि तुझ्या नाडीपेक्षा बरेच जलद असतात. सतराव्या आठवड्यात बाळ तळहाताएवढं असतं. ते एका जागी थांबत नाही आणि वार पुढच्या बाजूला असेल तर आवाज आणखी दबतो. आम्हालाही कधी कधी दहा मिनिटं लागतात.

पण मला भीती ठोके न सापडण्याची वाटत नाही. न सापडले की बाई दवाखान्यात येते. भीती सापडण्याची वाटते. 2009 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका बाईची हकिकत छापून आली होती. अडतिसावा आठवडा, बाळाची हालचाल मंदावलेली. तिने घरी ठोके ऐकले आणि निर्धास्त झाली. दवाखान्यात पोचली तेव्हा बाळ गेलेलं होतं. तुझ्यासारखीला हे सांगताना जीवावर येतं, पण सांगायलाच हवं. ठोके आहेत म्हणजे बाळ त्या क्षणी जिवंत आहे, एवढंच. ते थकलंय का, त्याला ऑक्सिजन कमी पडतोय का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी आम्ही पुढच्या महिन्यांत पोटाला पट्टा बांधून निदान वीस मिनिटं आलेख काढतो. ठोके वरखाली होतात का, बाळ हललं की वाढतात का, ते बघतो. आणि तो आलेख वाचायला शिकण्यात माझी दोन वर्षं गेली.

माझं मत, परत कर.

दुसरटकर:
मी थोडी वेगळी. आमच्याकडे होतं आणि आम्ही फक्त रविवारी लावायचो, नवऱ्याला ऐकायला मिळावं म्हणून. मजा यायची. पण मला मागचं दुःख नव्हतं, हे कबूल करते. तू चार वेळा लावतेस, म्हणजे ते ऐकणं राहिलेलं नाही, तपासणी झाली आहे. मला एकविसाव्या आठवड्यात हालचाल कळायला लागली आणि मशीन आपोआप बाजूला पडलं.

वायरमन:
बाबा माणूस आहे, मध्ये बोलतो. व्यवसायाने इलेक्ट्रॉनिक्सवाला, त्यामुळे स्क्रीनवरच्या आकड्याबद्दलच सांगेन. तो आकडा मोजलेला नसतो, अंदाजलेला असतो. मशीन आवाजात पुन्हा पुन्हा येणारा नमुना शोधतं आणि त्यात चुकून दुप्पट मोजू शकतं. आईची नाडी 75 असेल आणि स्क्रीन 150 दाखवेल! म्हणजे 92 ने तुम्हाला घाबरवलं ते परवडलं. शिवाय हे अल्ट्रासाउंड आहे. अपाय झाल्याचा पुरावा नाही, पण पेशी किंचित तापू शकतात, म्हणून अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था) 2014 मध्ये सांगितलं की डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घरी वापरू नका. एका जागी पंचवीस मिनिटं तर नकोच.

झोपमोड:
150 चं वाचून पोटात गोळा आला. गेल्या आठवड्यात मला दोनदा 152 आला होता आणि मी ऐकून निवांत झोपले होते. तो कुणाचा होता कोण जाणे.

मशीन आत्ताच नवऱ्याकडे दिलंय, उद्या नणंदेकडे जाईल. दवाखान्यात विचारलं, तर म्हणाले दर पंधरा दिवसांनी येऊन ठोके ऐकून जा, आम्ही नोंद ठेवतो. पण अजून हालचाल काहीच कळत नाही. काळजी करू का?

लेबररूमवाली:
पहिलटकरणीला अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास कळते, काहींना त्याही नंतर. आधी लाथ नसते, पोटात बुडबुडा फुटल्यासारखं वाटतं, गॅस समजून सोडून देशील. चोविसाव्या आठवड्यापर्यंत काहीच जाणवलं नाही, तर दाखवून ये. आणि एकदा हालचाल सुरू झाली की तिचा नेम लक्षात ठेव. तो बदलला, मंदावला, तर "शेवटच्या महिन्यात बाळ कमीच हलतं" असं कुणीही सांगो, रात्रीचे दोन वाजलेले असोत, सरळ निघून ये.