स्नोमोबाइलच्या वाटेवरून पायी : तुमचे अनुभव लिहा

आज सकाळी शेजाऱ्यांनी ताडपत्रीखालची स्नोमोबाइल (बर्फावरून पळणारी गाडी) बाहेर काढून सुरू करून बघितली. तो धूर नाकात गेला आणि एकदम आईबाबांबरोबरचा न्यू हॅम्पशायरचा जुलै आठवला.

बाबांचा गुडघा दुखरा. व्हाइट माउंटन्समधल्या पायवाटा म्हणजे धोंडे आणि मुळं, चढ असा की जागोजागी हात टेकावे लागतात. त्यामुळे जंगल गाडीच्या काचेतून दिसेल तेवढंच, असं ठरलेलं. मग कुणीतरी प्रेसिडेन्शिअल रेल ट्रेल सुचवला. बोस्टन अँड मेन रेल्वेचा जुना मार्ग, रूळ काढलेले, गोरहॅमकडून चेरी पॉन्डपर्यंत साधारण 18 मैल. आगगाडीसाठी बांधलेला, म्हणून चढ जाणवतच नाही. हिवाळ्यात स्नोमोबाइल जातात, त्यामुळे रुंद आणि मोकळा.

आई आणि बाबा शेजारी शेजारी चालत होते, ते मला सगळ्यात जास्त आठवतं. डोंगरातल्या वाटेवर एकामागे एक चालायचं, बोलायचं ते पुढच्याच्या पाठीशी. इथे दोघांच्या गप्पा चालू, मधेच थांबून कडेच्या रास्पबेरी तोडणं चालू. लाकडी पूल आला की आई फळ्यांच्या फटीतून खालचं पाणी बघत उभी राहायची. पुलाच्या तोंडाशी पिवळेकाळे पट्टे, रात्री येणाऱ्या स्नोमोबाइलवाल्यांना दिसावेत म्हणून. भर जंगलात लाल 'स्टॉप' पाटी आली तर बाबा खरंच थांबले, दोन्हीकडे बघितलं आणि मगच निघाले!

पडलेली झाडं कापणं, पूल दुरुस्त करणं, अशा वाटांवरचं हे काम बरंचसं स्थानिक स्नोमोबाइल क्लबांची माणसं सुट्टीच्या दिवशी करतात. त्यांच्यामुळे माझे बाबा जंगलात चालले. मला त्यांचं फार कौतुक आहे.

तुमचे अनुभव येऊ द्या.

रानवेडी
स्टॉप पाटी 😄 बाबांना नमस्कार सांग. अ‍ॅपलॅचियाच्या पार्किंगमधून मॅडिसन डोंगरावर चढताना सुरुवातीलाच जी सपाट वाट आडवी लागते, तीच ना ही?

धागाकर्ती
हो, तीच.

हिरवा_डोंगर
आमच्या व्हर्मॉन्टमध्ये थोडं जपून हं. इथल्या स्नोमोबाइलच्या वाटा मुख्यतः खासगी जमिनींवरून जातात. मालकांनी परवानगी दिलेली असते ती हिवाळ्यापुरती, 16 डिसेंबर ते 15 एप्रिल. उन्हाळ्यात तीच वाट म्हणजे कुणाचं तरी कुरण. नकाशात रेघ दिसली म्हणून शिरू नका, आधी विचारा. एका आजोबांच्या घरी विचारायला गेलो तर ते स्वतःच काठी घेऊन बरोबर निघाले, आणि कुठलं मेपलचं झाड त्यांच्या वडिलांच्या वेळचं तेही दाखवलं. विचारायचं नसेल तर लमॉइल व्हॅली रेल ट्रेल आहे, 93 मैल, उन्हाळ्यात पायी आणि सायकलने, हिवाळ्यात स्नोमोबाइलने.

पमाताई
टिक्स (गोचिड्या)!!! कुणीच कसं लिहिलं नाही? रुंद वाट म्हणजे कडेला गवत, आणि गवत म्हणजे टिक्स. मे-जूनमध्ये पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात, दिसतच नाहीत. फिकट रंगाची पँट, ती मोज्यात खोचायची, वाटेच्या मधोमध चालायचं. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत, मुलांच्या कानामागे बघायचं. आमच्या ह्यांना टिक चावून लाइमचा आजार झाला होता, महिनाभर सांधे धरलेले. कुकर झाला, नंतर येते.

रानवेडी
पमाताई, आता कसे आहेत ते?

पमाताई
आता ठणठणीत गं. पण माझ्या तपासणीतून सुटका नाही.

थंडोबा
मिनेसोटातून. इथे एक लक्षात ठेवावं लागतं, ट्रेल 'हिवाळी' असेल तर तो दलदलीवरून, तळ्यावरूनसुद्धा नेलेला असतो. जानेवारीत गोठलेलं असतं म्हणून सरळ वाट. जूनमध्ये तिथेच मांडीपर्यंत पाणी, आणि पाटी मात्र पलीकडच्या काठावर खुणावत असते. जुना रेल्वेमार्ग किंवा लाकूडतोडीचा रस्ता असेल तर बिनधास्त जा.

मी तर हिवाळ्यातही चालतो. ग्रूमर (वाटेवरचा बर्फ दाबून सपाट करणारं यंत्र) बहुतेक रात्री फिरतो, थंडीत बर्फ घट्ट बसतो म्हणून. सकाळी त्यावर नुसत्या बुटांनी गेलं की खड्डे पडतात आणि ते तसेच गोठतात. म्हणून स्नोशूज (बुटांखाली बांधायच्या रुंद जाळ्या) घालायचे आणि अगदी कडेने चालायचं. आवाज आला की वाटेतून बाहेर. पुढचा चालक हात वर करून बोटं दाखवतो, मागे अजून किती आहेत ते. शेवटचा मूठ दाखवतो. मूठ दिसेपर्यंत वाटेवर परत यायचं नाही. बहुतेक जण वेग कमी करतात, मान हलवतात. एकदा एका बाईने थांबून गरम कोको दिला होता मला.

जुळ्यांची_आई
डबल स्ट्रोलर (दोघांची बाबागाडी) जातो का?? बाकी नंतर वाचते.

मेनचा_मावळा
आम्ही मेनमध्ये. अशा वाटेच्या वळणावर मूसची (घोड्याएवढं मोठं हरीण) मादी आणि तिचं पिल्लू. रुंद वाट त्यांनाही आवडते, कडेची कोवळी पानं मिळतात. कान मागे पाडले आणि मानेवरचे केस उभे राहिले, की मागे सरकायचं आणि जाड झाडाची आड घ्यायची. आम्ही तसंच केलं. बायकोने माझा दंड असा धरला होता की वळ उठले. अर्धा तास हालली नाही ती (मूस!).

रानवेडी
वहिनी ग्रेट.
त्या रास्पबेरींचं पुढे काय केलं? जॅम?

धागाकर्ती
घरापर्यंत पोचल्याच नाहीत गं, बाबांनी तिथेच संपवल्या. जुळ्यांची_आई, मोठ्या हवेच्या चाकांचा असेल तर जातो, खडी आहे. छोट्या चाकांचा नको. आधी वेशीवरच्या दगडांमधून किंवा गेटच्या बाजूने डबल आत जातो का बघ, तिथेच अडतो.

जुळ्यांची_आई
थँक्यू! मोठ्या चाकांचाच आहे. नोव्हेंबरमध्ये गेलं तर चालेल?

थंडोबा
हरणांच्या शिकारीचा मोसम असतो. भडक नारिंगी जॅकेट तुम्हाला, मुलांना, आणि स्ट्रोलरवरही एक कापड बांधा.

पमाताई
आणि नोव्हेंबरात टिक्स नसतात असं समजू नकोस. थंडीतही मोठ्या टिक्स फिरतात. स्ट्रोलरच्या खालच्या जाळीतही बघ.